भीतीबाईंचा पाट

पाच वर्षांच्या एका पोरीला मी खोटं सांगितलं, आणि सांगून झाल्यावर खुशीत राजगिऱ्याचा अख्खा लाडू खाल्ला. माझा लाडू संपेपर्यंत ती पोर वादळात निघून गेली होती.

तेव्हा मी तरुण होते. म्हणजे अठ्ठावन्न वर्षांची. हसू नका, आज मागे वळून बघते तेव्हा ती बाई मला कालची पोर वाटते. मुंबईच्या एका हापिसात पस्तीस वर्षं फायली इकडच्या तिकडे करून, निवृत्त होऊन, नवऱ्याच्या गावी राहायला आलेली. केस काळे केलेले, गळ्यात चष्म्याची साखळी, आणि जगातल्या कुठल्याही प्रश्नाला उत्तर तयार. गाव खाडीच्या तोंडाशी, आणि आमच्या कुंपणाला लागून अंगणवाडी. तिथली मदतनीस बाळंतपणाला माहेरी गेली तशी मी तिच्या जागी जाऊन उभी राहिले, बिनपगारी आणि बिनबोलावलेली. मुलं मला पहिल्याच दिवशी आजी म्हणाली. मला ते लागलं. घरात नात नुकतीच झाली होती, मी अजून सराव करत होते.

अंगणवाडी चालवायच्या त्या बाई. त्यांना नाव होतं, पण ते हजेरीच्या कागदापुरतं. सगळं गाव बाई म्हणायचं. माझ्याहून तीनच वर्षांनी लहान, तरी मुलांचं ऐकून त्याही मला आजी म्हणायला लागल्या. उंच, हाडकुळ्या, आणि नेसणं घोट्याच्या वर वीतभर, आत्ताच खाडी ओलांडून आल्यासारखं. सकाळी कुलूप काढल्यावर आधी दारावर टकटक करायच्या आणि मग आत जायच्या. खोली रिकामी. मी विचारलं, "आत कोण आहे?" तर म्हणाल्या, "असलं कोणी तर दचकायला नको."

चार वर्षांच्या मुलांना त्या अहो-जाहो करायच्या. "अहो, नाक पुसा." "अहो, त्यांची चड्डी सोडा, त्यांना लागतंय." मुलंही मग एकमेकांना अहो म्हणत चिमटे काढायची.

भिंतीशी एक फणसाच्या लाकडाचा पाट मांडलेला असायचा. त्यावर कोणी बसत नसे. पहिल्या दिवशी मला वाटलं, काय सोयीची जागा आहे, म्हणून मी त्यावर खिचडीचं गरम पातेलं ठेवलं. बारा मुलं एकदम ओरडली, "आजी, भीतीबाई भाजतील!"

मी पातेलं उचललं. आणि उचलल्याबद्दल स्वतःचाच राग आला.

ते दिवसच तसे होते. रोगाची साथ नुकती ओसरलेली. ज्या मुलांनी मामा-काकांना गाडीत घालून नेताना बघितलं, आणि त्यातले काही परत आलेले बघितलेच नाहीत, तीच मुलं आता आमच्यासमोर बसून गाणी म्हणत होती. एकजण रुग्णवाहिकेचा आवाज आला की टेबलाखाली जायचा. हुमेराचा बाप आखातात अडकलेला, दीड वर्षं ती त्याला फोनमध्येच बघत होती. फोनची बॅटरी लाल झाली की ती रडायला लागायची. बाप बुडतोय असंच तिला वाटायचं. आणि खाडीकडच्या मुलांचे बाप तर रोजच समुद्रात.

अशा मुलाला आपण काय म्हणतो? घाबरू नको, काही होत नाही. बाईंच्या खोलीत हे वाक्य बंद होतं. एक पालक चुकून बोलून गेले तर बाईंनी त्यांना हात धरून बाहेर नेलं आणि म्हणाल्या, "जे तुम्हाला माहीत नाही ते इथे सांगायचं नाही."

त्यांची रीत वेगळी होती. मूल भेदरलं की त्या त्याच्यासमोर उकिडव्या बसायच्या आणि अगदी आदराने विचारायच्या, "आल्या का? कुठे बसल्यात, पोटात की छातीत?" मूल रडता रडता बोट ठेवायचं. "अवघडल्या असतील तिथे. त्यांना म्हणा, पाट मांडलाय." मग ते मूल पाटाच्या बाजूला जमिनीवर बसायचं, भिंतीला घट्ट पाठ लावून. दोन्ही हातांची ओंजळ करायची. ओंजळीत गरमगरम पेज आहे असं समजायचं. नाकाने वास घ्यायचा, सावकाश. मग ओठ पुढे काढून फुंकर, तीही सावकाश, जोरात फुंकली तर पेज सांडते. दहा फुंकरीत पेज निवायची. नाही निवली तर आणखी दहा.

"मग भीती जाते?" मी एकदा विचारलं. विचारताना हसले असणार.

"जाईल कशाला? पाहुणी आहे. पाहुणीला कोणी हाकलतं का? पाणी विचारायचं, बसवायचं, आणि आपण आपल्या कामाला लागायचं."

मी संध्याकाळी नवऱ्यासमोर ओसरीवर या सगळ्याची नक्कल करायचे. ओंजळ, फुंकर, "कुठे बसल्यात?" सगळं. तो पोट धरून हसायचा. आणि अंगणवाडीत बाईंची पाठ वळली की मी मुलाच्या हातात लिमलेटची गोळी कोंबायचे आणि कानात सांगायचे, "काही होत नाही रे." मूल गप्प बसायचं. मला वाटायचं, बघा, एका गोळीत काम झालं. कशाला हवी पेजबीज?

एकदा तालुक्याहून पर्यवेक्षिका आल्या. दमलेल्या, घामाघूम, हातात फोन, त्यात भरायच्या माहितीचे रकाने काही केल्या भरले जात नव्हते. त्या थेट पाटावर बसल्या. मुलांनी एकच गिल्ला केला. त्या ताडकन उठल्या, फोन पडला. मी मनात म्हटलं, आज बाईंचं काही खरं नाही. पण बाईंनी फोन उचलून दिला आणि हळूच विचारलं, "तुमच्या कुठे बसतात?"

पर्यवेक्षिकांनी मानेवरून हात फिरवला. मग दबक्या आवाजात म्हणाल्या, "मानेत." आणि हुमेराशेजारी भिंतीला टेकून बसल्या, चांगल्या पाऊण तास.

एवढ्या धीराच्या बाई, पण एका गोष्टीला मरणाच्या भ्यायच्या. ट्रकला. फुरशासारखा विषारी साप निघाला तर काठीवर घेऊन कुंपणापलीकडे सोडून यायच्या, पण आमच्या रस्त्यावरून जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचा ट्रक येतोय म्हटलं की डांबर सोडून खाली उतरायच्या, विजेच्या खांबाला पाठ लावायच्या, डोळे मिटायच्या आणि ओंजळ धरायच्या. ट्रक गेल्यावरही थोडा वेळ तशाच उभ्या. गावाला सवय होती. मी नवी. मी एकदा त्यांच्या मागे जाऊन तोंडाने ट्रकचा हॉर्न काढला. अठ्ठावन्नाव्या वर्षी. त्या खांबाकडे धावल्या, मग वळून मला बघितलं. चेहरा कागदासारखा पांढरा.

"चांगला जमला," एवढंच म्हणाल्या आणि चालायला लागल्या.

वादळाची सूचना घेऊन भोंगा लावलेली रिक्षा आली ती वैशाखाच्या शेवटी. पावसाळ्याची मासेमारी बंदी लागायच्या आधीची शेवटची फेरी म्हणून आमच्या जेटीवरून चार होड्या गेल्या होत्या. तीन परतल्या. चौथीवर आर्वीचा बाप होता. आर्वी आमच्या अंगणवाडीतली, पाच वर्षांची, समोरचे दोन दात पडलेले. तिची आई पंधरा दिवसांची बाळंतीण.

वादळाच्या दिवशी सकाळीच सगळ्यांना शाळेत हलवलं, कारण स्लॅबची इमारत तेवढी एकच. लोक कागदपत्रं, दागिने, तांदूळ घेऊन आले. बाई आल्या त्या डोक्यावर पाट घेऊन. दारातच पोलीस पाटील म्हणाले, "अवो बाई, लोकांनी सोनं आणलं आणि तुमी पाट?"

"त्या मागोमाग येणारच आहेत," बाई म्हणाल्या. "आल्यावर बसणार कुठे?"

पाटील हसले. अकरा वाजता ते हसत नव्हते.

त्याआधी मी वारा ऐकलाच नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं. आधी कावळे गप्प झाले. मग फोनची रेंज गेली. मग भर दुपारी खोलीत काळोख आला, आणि छपरावर कोणीतरी लोखंडी कपाटं ओढत असल्यासारखा आवाज सुरू झाला, तो थांबेचना. समुद्र अर्धा मैल लांब, तरी ओठांना मीठ लागत होतं. मैदानापलीकडचे माड पार जमिनीशी वाकून उठत होते, आणि दर खेपेला एखादा उठत नव्हता.

बाईंनी एका वर्गात बाराही मुलांना भिंतीशी बसवलं होतं. मध्ये पाट. सगळ्यांच्या ओंजळी तोंडाशी. आर्वी मात्र दर पाच मिनिटांनी विचारत होती, "बाई, माजा बाबा कुटं हाय?" आणि बाई दर वेळी तिच्यासमोर बसून तेच सांगत होत्या, त्याच आवाजात. "मला माहीत नाही. कळलं की सगळ्यात आधी तुम्हाला सांगेन. तोवर मी इथे आहे."

मला वाटलं, केवढी ही निर्दय बाई! दोन गोड शब्द बोलायला हिचं काय जातं?

तेवढ्यात बाजूच्या वर्गाची खिडकी चौकटीसकट आत आली. तिथे बाळंतिणी होत्या. बाई उठल्या. जाता जाता मला म्हणाल्या, "मुलांकडे बघा, आजी. विचारलं तर जेवढं माहीत आहे तेवढंच सांगा."

आर्वी आता माझ्याकडे वळली. "आजी, बाबा कुटं हाय?" मी म्हटलं, फुंकर मार. तिने मारली. "आजी, बाबा कुटं हाय?" तिला उचकी लागली. तिचं बघून आणखी दोघं रडायला लागली. छपरावरची कपाटं ओढणं चालूच. मी घाबरले होते, हे मी आज कबूल करते. तेव्हा मी म्हणत होते की मी पोरीला शांत करतेय. खरं म्हणजे तिने एकदा विचारलं की माझ्या आतलं काहीतरी हलायचं, आणि मला ती गप्प हवी होती.

"आला गो बाय तुझा बाबा!" मी म्हटलं. "होडी जेटीला लागली. आत्ताच फोन आला मला."

हुमेराने मान वर केली. बॅटरी आणि रेंज यांवर त्या पोरीचा जन्म गेला होता. "आजी, रेंज नाय," ती म्हणाली.

"तू गप."

आर्वीची उचकी थांबली. अशी थांबली की मलाच नवल वाटलं. बाईंना वर्ष वर्ष जे जमत नाही ते मी एका वाक्यात केलं! कोणीतरी लाडू वाटत होतं. मी एक घेतला, खिडकीकडे पाठ केली आणि शेवटच्या कणापर्यंत खाल्ला.

बाई परत आल्या, केसांत काचेचे तुकडे. दारातूनच त्यांनी डोकी मोजली. पुन्हा मोजली.

"आर्वी कुठे?"

मी म्हटलं, आईकडे गेली असेल. बाई म्हणाल्या, मी आईकडूनच आले. मग हुमेरा बोलली, "ती बाबाला आणायला गेली. टॉवेल घेऊन. बाबा भिजला असंल म्हणाली."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "काय सांगितलंत तिला?"

"काही नाही," मी म्हटलं. त्यांनी परत तेच विचारलं. मग मी सांगितलं.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "कुठे बसल्यात? पोटात की छातीत?"

"गुडघ्यात," मी म्हटलं. खरंच गुडघ्यात होती. 

"मग चालताना सोबत येतील. चला."

मुलं पाटलांच्या बायकोवर सोपवून आम्ही तिघं निघालो, बाई, पाटील आणि मी. बाहेर पाऊल टाकताच वाऱ्याने माझा चष्मा साखळीसकट नेला. पाऊस खालून वर येत होता. रस्त्यावर झावळ्या, नारळ, कोणाच्या तरी घराची कौलं, आणि एक पत्रा, तो जमिनीवर आपटत, उलटत, आमच्या पुढे पुढे चालला होता. पाटील म्हणत होते, वायरींपासून लांब, वायरींपासून लांब. मी हाका मारत होते आणि माझी हाक मलाच ऐकू येत नव्हती. डोक्यात एकच गोष्ट: तिच्या अंगात पिवळा फ्रॉक आहे. पिवळं काही दिसलं की मी तिकडे धावायचे. एकदा ते केळीचं पान निघालं. एकदा प्लास्टिकची घागर. मी अठ्ठावन्न वर्षांत देवाकडे पुष्कळ काही मागितलं होतं. त्या वाटेवर मी फक्त पुढचं पिवळं तिचं नसू दे, मग तिचंच असू दे, असं उलटसुलट मागत होते.

जेटीकडे उतरणारं वळण आहे, तिथे जुना चिऱ्यांचा गडगा, कमरेएवढा. त्याच्या आडोशाला ती बसली होती.

पाठ दगडांना घट्ट लावलेली. ओंजळ तोंडाशी. ओठ निळे पडलेले, पण पुढे काढलेले. वास घेत होती, फुंकर मारत होती, सावकाश, पेज न सांडता. आणि शेजारी, पाट नव्हता म्हणून, बापाचा टॉवेल चौकोनी घडी करून मांडला होता. उडू नये म्हणून त्यावर एक चिऱ्याचा तुकडा.

मी तिच्यावर झेप घेतली. माझा गुडघा टॉवेलवर पडणार तेवढ्यात ती ओरडली, "आजी, तिथं नको! तिथं भीतीबाई बसल्यात."

मी तशीच थबकले, एक पाय हवेत. मग दुसऱ्या बाजूने चिखलात बसले.

"आजी, बाबा कुटं हाय?"

बाई जवळच उभ्या होत्या.  त्या माझ्याकडे बघत होत्या. पाटीलही. वाऱ्यात कुजबुजून भागत नव्हतं, म्हणून मला ते ओरडावं लागलं. "मला माहीत नाही! मी खोटं बोलले! फोन आला नव्हता!"

आर्वीने ओंजळ खाली घेतली. रडली नाही. बाईंनी टॉवेल उचलला, तिला गुंडाळली आणि पाटलांच्या खांद्यावर दिली. गडग्यावरून खाली बघितलं तर जेटीवरची मासळीची शेड जागेवर नव्हती. नुसते चार खांब. पोर वीस पावलं आणखी चालली असती तर त्या शेडखालीच बापाची वाट बघत उभी राहिली असती.

चौथी होडी आसऱ्याला दाभोळच्या खाडीत शिरली होती. आर्वीचा बाप तिसऱ्या दिवशी, रस्ते मोकळे झाल्यावर, अर्धी वाट चालत आला. शाळेच्या दारात उभा राहिला. मीच पहिलं बघितलं आणि ओरडले, "आर्वी, बाबा आला गो!"

ती जागची हलली नाही. बाईंकडे वळली आणि विचारलं, "खरा?"

बाई म्हणाल्या, "हो. मी बघितले. खरे आहेत." तेव्हा ती धावली.

त्यानंतर सगळं पहिल्यासारखं झालं, फक्त मी सोडून. मी खिचडी निवली म्हटलं की आर्वी आधी बोट लावून बघायची. मी पाऊस थांबला म्हटलं की हात दाराबाहेर काढायची. रागाने नव्हे, तिचं रागावणं मला परवडलं असतं. ती अगदी मायेने माझ्याशी बोलायची, मांडीवरही बसायची, फक्त माझ्या शब्दाला हात लावून बघितल्याशिवाय घ्यायची नाही. गोळ्या दिल्या, बाहुली शिवून दिली, ओसरीवर उड्या मारून दाखवल्या. काही उपयोग नाही. मग मी आणखी एक मूर्खपणा केला. एक दिवस अंगणवाडी बंद करून आम्ही दोघी रस्त्याने येत होतो तेव्हा बाईंना म्हटलं, "पण बाप आलाच ना शेवटी? म्हणजे माझं तसं खोटं झालं नाही."

बाई चालत राहिल्या. मग मी खरं ते विचारलं, जे विचारायला भीत होते. "बाई, ती पोर हे विसरेल ना? किती दिवस लागतील?"

तेवढ्यात वळणावरून चिऱ्याचा ट्रक आला. बाई डांबर सोडून उतरल्या, खांबाला पाठ लावली, डोळे मिटले. या वेळी मीही उतरले आणि त्यांच्या बाजूला उभी राहिले. ओंजळसुद्धा धरली. ट्रक गेला, धूळ बसली. पेज निवेपर्यंत त्या तशाच होत्या. मग डोळे उघडले आणि लहान मुलाला सांगावं तसं मला सांगितलं:

"मी पोफळीला, कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत वाढले, आजी. तिकडे जमीन हलायची, फळीवरची भांडी वाजायची. आई मला कुशीत घ्यायची आणि म्हणायची, काही नाही गं, ट्रक गेला. फार माया होती तिची. भूकंपाचं मला आता काही वाटत नाही. ट्रकचं अजून वाटतं."